रुस्तम पाशा मशीद: इझ्निकच्या फरशा हातभर अंतरावरून कशा बघाव्यात

इस्तंबूलच्या सहलीत निळी मशीद कुणाची चुकत नाही. सुलतान अहमदने १६०९ ते १६१६ या काळात बांधून घेतलेल्या त्या मशिदीत इझ्निक या तुर्की गावात घडवलेल्या वीस हजारांहून जास्त रंगीत फरशा आहेत, हे गाइड पहिल्या मिनिटाला सांगतो. त्यातल्या बऱ्याचशा वरच्या सज्ज्यांत आहेत आणि तिथे आपल्याला कुणी सोडत नाही, हे मात्र आपलं आपल्याला कळतं. मान वर करकरून शेवटी हाती लागते ती निळसर झाक.

फरशा खरोखर बघायच्या असतील, म्हणजे ट्यूलिपच्या पाकळीवरची काळी रेघ कुठे जाड झालीय आणि कुठे कारागिराचा हात हललाय इतक्या जवळून, तर एमिनोन्यूच्या बाजारातली रुस्तम पाशा मशीद गाठा. निळ्या मशिदीपेक्षा ही अर्ध्या शतकाने जुनी. घुमटाचा व्यास जेमतेम पंधरा मीटर. पण इथल्या फरशा जमिनीपासून सुरू होतात आणि भिंत, खांब, मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा), मिंबर (प्रवचनासाठीचं पायऱ्यांचं व्यासपीठ), बाहेरची ओसरी, सगळं व्यापून वर चढतात. तुमच्या नाकासमोर.

मी दोनदा गेले. पहिल्यांदा घाईत, अगदीच वाईट वेळी. दुसऱ्यांदा सासूबाईंना घेऊन, नीट ठरवून. खालचं सगळं त्या दोन खेपांतून आलेलं आहे.

आधी वेळ ठरवा, मग बाकीचं

ही चालती मशीद आहे, म्युझियम नाही. तिकीट नाही. दाराशी दानपेटी असते, मनाला येईल ते टाकावं. पाच वेळा नमाज होते आणि प्रत्येक वेळी पाहुण्यांना अर्धा-पाऊण तास बाहेर थांबावं लागतं. दुपारची नमाज इस्तंबूलमध्ये वर्षभर साधारण एकच्या आसपास पडते. तिसऱ्या प्रहरची मात्र ऋतूप्रमाणे सरकते: हिवाळ्यात साडेतीनच्या आतच, ऐन उन्हाळ्यात पाच वाजून गेल्यावर. त्या दिवसाच्या वेळा फोनवर बघून निघायचं. नमाजेला तुर्कीतही ‘नमाज’च म्हणतात, त्यामुळे पाटी वाचताना अडत नाही.

शुक्रवारी दुपारी जाऊ नका. मी गेले होते. जुम्म्याला आजूबाजूचे दुकानदार, हमाल, गिऱ्हाईक सगळे वर येतात, आतली जागा पुरत नाही आणि बाहेरच्या ओसरीतही ओळी लागतात. मी जिन्याच्या तोंडाशी पाऊण तास अंग चोरून उभी राहिले आणि नमाज सुटल्यावर खाली उतरणाऱ्या गर्दीत चेंगरता चेंगरता वाचले. चूक सर्वस्वी माझी.

उत्तम वेळ म्हणजे मंगळवार ते गुरुवार, सकाळी साडेनऊ-दहा ते बारा. एक तर तेव्हा बाजार पुरता जागा झालेला नसतो. दुसरं कारण उजेडाचं. इस्तंबूलहून मक्का आग्नेयेला, त्यामुळे सकाळचं ऊन मिहराबच्या अंगाने आत येतं. मिहराबची भिंत स्वतः जरा काळोखी वाटते, पण बाजूच्या भिंतींवर उजेड तिरपा पडतो. फरशीवरचा उठाव बघायला असाच तिरपा उजेड लागतो. त्याचं कारण पुढे येईलच.

शनिवारी त्या गल्लीत पाऊल टाकायला जागा नसते. रविवारी घाऊक दुकानं बहुतेक बंद, गल्ली मोकळी. चालायला बरं, पण बाजाराची गंमत जाते.

काय घालावं, काय न्यावं

बायकांनी डोकं झाकायला ओढणी किंवा स्कार्फ. पंजाबी ड्रेस असेल तर वेगळी तयारीच नको, ओढणी डोक्यावर घेतली की झालं. साडीही चालते, फक्त पोट-पाठ उघडी दिसणार नाही असा पदर घ्या. पुरुषांनी अर्धी चड्डी घालून जाऊ नये. बूट-चपला बाहेर काढायच्या. सोबत एक कापडी पिशवी ठेवा, म्हणजे चपला हातात धरून फिरावं लागत नाही. पटकन निघणाऱ्या चपला बऱ्या, कारण नाड्या सोडायला बसाल तर मागे रांग तुंबते. आणि मोजे आदल्या रात्री तपासून ठेवा. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या फरशांपुढे माझं अर्धं लक्ष मोज्यातून डोकावणाऱ्या अंगठ्याकडे होतं.

एखादी छोटी दुर्बीण घरात असेल तर टाका पिशवीत. तिचा उपयोग आत गेल्यावर कळेल.

वाट: जिना सापडला की अर्धं काम झालं

सुलतानअहमद भागात उतरला असाल तर टी-१ ट्राम धरा. गुल्हाने, सिर्केजी, आणि तिसरा थांबा एमिनोन्यू. चालत आलात तर वीसेक मिनिटं, रस्ता उताराचा. समोर पाणी, गलाटा पूल आणि मोठी यनी मशीद. घुमटांमागून घुमट बघून पुष्कळ जण तिलाच रुस्तम पाशा समजून आत शिरतात. तिच्या पलीकडे मसाल्याचा बाजार आहे. तुर्कीत तो मसर चार्शस, म्हणजे इजिप्त बाजार. १६६० च्या दशकातला. त्यातून आरपार जा आणि पश्चिमेच्या दाराने बाहेर पडा. बरोबर दाराने पडलात की नाही हे नाकाला कळतं: तिथे कॉफी भाजून, दळून देणारं जुनं दुकान आहे आणि त्याच्यापुढे कायम रांग.

तिथून सरळ जाणारी गल्ली म्हणजे हासर्जलार. हासर म्हणजे चटई, म्हणजे ही चटईवाल्यांची गल्ली. आपल्याकडच्या बोहरी आळी, तांबट आळीसारखंच नाव. आता चटया नाहीत. सुकामेवा, चीज, प्लास्टिकचे डबे, लाकडी चमचे, पोत्यांत भरलेले मसाले. डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल मागून ओरडत येतात, त्यांना वाट द्या.

चार-पाच मिनिटं चाला आणि उजव्या हाताकडे लक्ष ठेवा. गल्लीतून मशीद दिसत नाही. नजर वर करून मिनार शोधायला जाल तर छपरं आणि ताडपत्र्यांखेरीज काही दिसणार नाही. दोन दुकानांच्या मध्ये एक दगडी कमान आणि तिच्यातून वर जाणारा अंधारा, अरुंद जिना, एवढंच प्रवेशद्वार. मी पहिल्यांदा त्याच्यासमोरून दोनदा गेले. शेवटी एका ऑलिव्हवाल्याला ‘र्युस्तेम पाशा जामी नेरेदे?’ असं विचारलं. ‘नेरेदे’ म्हणजे ‘कुठे आहे’. त्याने हातातल्या चमच्यानेच माझ्या पाठीमागे दाखवलं.

मशीद अशी माडीवर का? मिमार सिनानने, म्हणजे ऑटोमन साम्राज्याच्या मुख्य वास्तुविशारदाने, आधी खाली कमानदार दुकानांचा मजला बांधला आणि त्याच्या गच्चीवर मशीद ठेवली. गजबजलेल्या सखल बाजारात त्यामुळे तिला उंची आणि उजेड मिळाला आणि खालच्या दुकानांच्या भाड्यातून मशिदीचा खर्च निघाला. म्हणजे जिन्याशेजारच्या गाळ्यांनी फरशांच्या मशिदीला पोसलं. वक्फाची व्यवस्था इतकी उघडी फार क्वचित बघायला मिळते.

जिना उंच पायऱ्यांचा आणि वळणाचा आहे. गुडघ्यांचा त्रास असेल तर भिंतीला हात लावत, दमाने चढा. सासूबाई मध्ये एकदा थांबल्या, ‘जेजुरीपेक्षा बऱ्या,’ म्हणाल्या आणि चढल्या.

ओसरीत दहा मिनिटं थांबा

वर आलात की एकदम आवाज बंद होतो. खालचा कलकलाट तिथेच राहतो आणि आपण एका छोट्या फरसबंदी गच्चीवर येतो. समोर पाच लहान घुमटांची ओसरी, तिच्यापुढे आणखी एक उतरतं छप्पर. इथे बहुतेक जण चपला काढण्याच्या गडबडीत ओसरीच्या भिंतीकडे बघतच नाहीत. ती भिंतसुद्धा फरशांचीच आहे, आणि आतल्यापेक्षा वेगळी आहे.

दाराच्या डाव्या हाताला एक मोठा फलक आहे. त्याचे रंग नीट बघा: फिकट, जरा धुरकट हिरवा आणि जांभळट मँगेनीज. हे इझ्निकचे आधीचे रंग, लाल रंग यायच्या अगोदरचे. त्यांना ‘दमास्कस’ धाटणीचे म्हणायची पद्धत पडली. आता दाराच्या वर बघा. तिथे लखलखीत पाचूसारखा हिरवा दिसेल. तो फलक मागाहून बसवलेला आहे, कारण आतल्या मूळ फरशांत हा हिरवा नाही. म्हणजे उंबरठा ओलांडायच्या आधीच एका भिंतीवर रंगांच्या पिढ्या समोर आहेत. हे दोन हिरवे डोळ्यांत ठेवून आत गेलं, की तिथे काय नाही आणि काय नवीन आहे ते लगेच उमगतं.

ओसरीतच ज्याच्या नावाची मशीद त्याच्याबद्दल दोन शब्द. रुस्तम पाशा आजच्या क्रोएशिया-बोस्नियाकडचा. ख्रिस्ती खेड्यांतली मुलं उचलून दरबारी चाकरीत वाढवायची जी देवशिर्मे पद्धत होती, तिच्यातून वर आलेला. सुलेमान सुलतानाचा जावई, त्याच्या मिहरिमाह नावाच्या लेकीचा नवरा. लग्न १५३९ चं. लग्नाआधी विरोधकांनी त्याला महारोग असल्याची वावडी उठवली, पण तपासणीत त्याच्या कपड्यांत ऊ सापडली. महारोग्याच्या अंगावर ऊ टिकत नाही असा तेव्हा समज होता, म्हणून लग्न पार पडलं आणि त्याच्या नावामागे ‘नशिबाची ऊ’ हे बिरुद कायमचं चिकटलं. अशी कथा सांगतात. १५४४ पासून तो वजीर-ए-आझम, म्हणजे मुख्य वजीर. १५५३ मध्ये सुलेमानचा मुलगा शहजादा मुस्तफा याच्या हत्येनंतर लोकांचा राग त्याच्यावर निघाला आणि पद गेलं. दोन वर्षांत परत मिळालं आणि १५६१ मध्ये मरेपर्यंत टिकलं.

तिजोरी भरण्यात हा माणूस इतका पटाईत, की ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग दरबाराचा राजदूत बुसबेक याने आपल्या पत्रांत लिहून ठेवलंय: सुलतानाच्या बागेतला भाजीपाला, गुलाब आणि व्हायोलेटसुद्धा रुस्तम विकायला काढायचा. सुलतानाच्या बागेतली फुलं बाजारात विकणाऱ्या वजिराची मशीद बाजाराच्या डोक्यावर, आणि आतून नखशिखांत फुलांनी भरलेली! मला ही जोडी फार आवडते. त्याने स्वतः मात्र ती पुरी झालेली बघितली नाही. काम त्याच्या मृत्यूनंतर, १५६३ च्या सुमाराला संपलं. त्याची कबरही इथे नाही, ती शहजादे मशिदीच्या आवारात आहे.

आत: आधी बसा

आत पाऊल टाकल्यावर पहिली इच्छा फोन काढायची होते. जरा थांबा. गालिच्यावर मागच्या बाजूला, भिंतीला टेकून पाच मिनिटं बसा. बसायला कुणी हरकत घेत नाही, फक्त पाय मिहराबकडे पसरू नका आणि नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नका. बसलं की डोळे निवतात आणि इमारतीची घडण दिसायला लागते: चार मोकळे अठकोनी खांब, दोन्ही बाजूंच्या भिंतींतून पुढे आलेले आणखी चार आधार, या आठांवर पेललेला घुमट आणि कोपऱ्यांना चार अर्धघुमट. खांब गोल न करता अठकोनी ठेवल्यामुळे प्रत्येक बाजू सपाट मिळते आणि चौकोनी फरशी तिच्यावर नीट बसते. गोल खांबाला हीच फरशी चिकटवायची म्हणजे पंचाईत.

वरची घुमटाकडची रंगकामाची नक्षी फरशांच्या काळाची नाही, ती मागाहूनची आहे. १६६० च्या आगीत आणि १७६६ च्या भूकंपात मशिदीला इजा झाली, डागडुजी झाली. अलीकडेही काही वर्षं जीर्णोद्धारासाठी बंद होती. तेव्हा वर फार वेळ घालवू नका. आपलं काम खांद्याच्या उंचीवर आहे.

पाहुण्यांसाठी कठडा किंवा दोरी लावलेली असेल तर तिच्या अलीकडेच राहायचं. मिहराब मग थोडा लांब पडतो. तिथे दुर्बीण कामाला येते.

आता एका फरशीपाशी या

सगळ्या भिंती बघायचा प्रयत्न करू नका. इथे नक्षीचे नमुने डझनांनी आहेत, नुसत्या ट्यूलिपच्याच कितीतरी जाती. सगळं बघायला गेलं की काहीच दिसत नाही. कठड्याच्या अलीकडचा एक फलक निवडा, हातभर अंतरावर उभे राहा आणि पुढच्या चार गोष्टी बघा. हात लावायचा नाही. आपल्यासारखे रोज शेकडो येतात आणि बोटांचा तेलकटपणा झिलईला आणि सांध्यांना चांगला नसतो.

पहिली गोष्ट पांढरी. रंगांच्या आधी मधला पांढरा बघा. तो दुधाळ, थंड, किंचित खोल दिसतो. इझ्निकच्या फरशीचं अंग साध्या मातीचं नसतं, बहुतांश दळलेल्या गारेचं असतं. त्यात काचेची भुकटी आणि थोडी पांढरी माती. वर पांढऱ्या मातीचा पातळ लेप, त्यावर रंग, आणि सगळ्यावर पारदर्शक झिलई. रंग काचेखाली असतो, म्हणून पुसला जात नाही. गोव्यात पणजीला निळ्या-पांढऱ्या आझुलेज फरशा बघितल्या असतील, तर फरक इथे कळेल. पोर्तुगीज पद्धतीत रंग पांढऱ्या झिलईच्या वर लावतात आणि तो तिच्यात मुरतो, त्यामुळे कडा मऊ होतात. इथे कडा चाकूने कापल्यासारख्या.

तुर्की लोक या फरशांना ‘चिनी’ म्हणतात. अगदी आपल्या चिनीमातीतलं चिनी. चीनच्या भांड्यांची भुरळ दोन्हीकडे सारखीच पडली आणि दोन्ही भाषांनी तोच शब्द ठेवून घेतला.

दुसरी गोष्ट लाल. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टोमॅटोसारखा हा तांबडा रंग इझ्निकमध्ये १५५० च्या दशकात आला. सिनाननेच बांधलेल्या सुलेमानिये मशिदीत तो आधी दिसतो आणि इथे त्याला मोकळं रान मिळालं. तो येतो लोहयुक्त मातीतून, जिला आर्मेनियन बोल म्हणतात. निळा कोबाल्टचा, फिरोजी तांब्याचा, हे दोन्ही झिलईत विरघळून सपाट बसतात. लाल विरघळत नाही. माती ती मातीच, त्यामुळे थर जाड द्यावा लागतो आणि भाजल्यावर तो काचेखाली फुगून उभा राहतो. म्हणून मघाशी तिरप्या उजेडाचं सांगितलं. फरशीच्या समोर न राहता एका बाजूला सरका, गाल जवळजवळ भिंतीला समांतर आणा, आणि बघा. निळी पानं पाण्यासारखी सपाट, आणि मध्येच लाल ठिपके कुंकवाच्या टिकलीसारखे उठलेले. प्रत्येकावर उजेडाचा एक बारीक कण. हे फोटोत कधीच येत नाही.

लाल सगळीकडे सारखा नाही हेही दिसेल. एखाद्या फरशीत तो भरगच्च, शेजारच्या फरशीत तपकिरीकडे झुकलेला. भट्टीची आच थोडी चुकली की हा रंग रुसतो. पुढे सतराव्या शतकात इझ्निकची घडी विस्कटली आणि हा लाल मळकट होत गेला. निळ्या मशिदीतल्या फरशांशी तुलना करायची असेल तर लालच बघा.

तिसरी गोष्ट रेघ. प्रत्येक फुलाभोवती बारीक गडद बाह्यरेषा आहे. नमुना आधी कागदावर काढत, रेघेवरून सुईने भोकं पाडत, कागद फरशीवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटत. उमटलेल्या ठिपक्यांवरून कुंचल्याने रेघ. मी हे कुजबुजत सांगत होते तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, म्हणजे आपला रांगोळीचा भोकांचा कागद!’ तोच. आणि रांगोळीत जसं होतं तसंच इथेही आहे: ठिपके सारखे, पण रेघ ज्याच्या-त्याच्या हाताची. एकाच नमुन्याच्या चार फरशा शोधा आणि एकच पान चौघींत ताडून बघा. एकीत टोक ताठ, एकीत लोंबतं. आम्ही वीस मिनिटं हाच खेळ खेळलो.

नमुने दरबारी चित्रशाळेच्या वळणाचे. लांब, वाकलेली, करवतीसारख्या कडांची पानं दिसली तर ती ‘साझ’ शैली, शाह कुलू या चित्रकाराच्या परंपरेतली. ओळखू येणारी बागेतली फुलं, म्हणजे ट्यूलिप, कार्नेशन, हायसिंथ, गुलाब, ही त्याच्यानंतरच्या कारा मेमीच्या वळणाची. ट्यूलिपला तुर्कीत ‘लाले’. हा ट्यूलिप हॉलंडच्या गुबगुबीत फुलासारखा नाही. सडपातळ, पाकळ्यांची टोकं कट्यारीसारखी. अरबी लिपीत ‘लाले’ लिहायला जी अक्षरं लागतात तीच ‘अल्लाह’ लिहायला लागतात, म्हणून मशिदीत त्याला विशेष मान.

चौथी गोष्ट सांधे. फरशी वीतभराहून थोडी मोठी. काही नमुने एका फरशीत पूर्ण होतात, काहींना चार फरशा एकत्र याव्या लागतात. आता खिडकीच्या कडेला, कोपऱ्यात, कमानीच्या वळणाशी जा. नक्षी तिथे कशी संपवली? कुठे किनार बेताने वळवलीय, कुठे फूल सरळ अर्धं कापलंय. आणि कुठे चक्क नमुना जुळतच नाही: निळ्या वेलीच्या मध्येच भलत्याच फलकाची फरशी, उलटी बसवलेली. आगी, भूकंप, दुरुस्त्या यांची ही खूण. एक तरी अशी चुकार फरशी सापडल्याशिवाय बाहेर पडू नका. मला दुसऱ्या खेपेत तीन सापडल्या. सासूबाईंना पाच, आणि हे त्या अजून सांगतात.

फोटो

फ्लॅश बंद. माणसं नमाज पढत असतील तर त्यांच्या दिशेने कॅमेरा नको. झिलईवर खिडकीचं प्रतिबिंब पडतं, त्यामुळे समोरून काढलेल्या फोटोत पांढरा चट्टा येतो. अर्धं पाऊल बाजूला सरका. पूर्ण भिंतीचे फोटो हजारो मिळतात, त्यापेक्षा एका फरशीचा, एका सांध्याचा काढा. घरी गेल्यावर तोच पुन्हा उघडून बघाल.

खाली उतरल्यावर

एकूण तासभर पुरतो. पाय शाबूत असतील तर तिथूनच चढावर दहा-पंधरा मिनिटांत सुलेमानिये. सिनाननेच १५५० ते १५५७ मध्ये बांधलेली, प्रचंड. पण फरशा फक्त मिहराबच्या भिंतीला, मोजून-मापून. सासऱ्याच्या मशिदीत इतका संयम आणि जावयाच्या मशिदीत भिंत दिसू नये इतकी उधळण, हे लागोपाठ बघण्यात मजा आहे. सिनानची स्वतःची साधी कबर सुलेमानियेच्या कोपऱ्याला, रस्त्याच्या कडेला आहे.

अस्सल आणि नक्कल शेजारी-शेजारी बघायची असेल तर दुसऱ्या दिवशी आयासोफियाच्या आवारातल्या सुलतान दुसरा सेलिम याच्या मकबऱ्यात जा. दाराच्या दोन्ही बाजूंना इझ्निकचे फलक आहेत. डावीकडचा मूळ फलक एकोणिसाव्या शतकात दुरुस्तीच्या नावाखाली फ्रान्सला गेला, तो आज लूव्र संग्रहालयात आहे. इथे त्याच्या जागी आहे ती नक्कल. रुस्तम पाशात एक तास घालवलेल्या डोळ्यांना नक्कल कोणती, हे सांगावं लागत नाही.

फरशी विकत घ्यायचा मोह होणारच. बाजारात दोन प्रकार मिळतात: हाताने रंगवलेली आणि छापील चित्र चिकटवून भाजलेली. दुकानदार दोन्हींना ‘हँडमेड’ म्हणतो. फरशी हातात घेऊन खिडकीपाशी न्या, तिरपी धरा. लाल उठून दिसतो का? बाह्यरेषेची जाडी कमी-जास्त होते का? मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून बघितल्यावर रंगात छपाईचे बारीक ठिपके दिसतात का? एकाच नमुन्याच्या दोन फरशा मागा आणि पानांची टोकं ताडून बघा. दोन्ही तंतोतंत सारख्या निघाल्या तर ठेवून द्या. प्रवासात ती कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इन सामानात नाही.

माझी पहिल्या खेपेची फरशी छापील निघाली. तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि दुकानदाराने चहा पाजला होता. ती आता ओट्यावर आहे, आमटीचं पातेलं टेकवायला.